बेघर ठरण्याची खटपट

तीर्थस्वरूप दादा यांस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरलेली असल्यामुळे वाकता आलं तेवढा कागदावर, उरलेला मनाने पोचता समजावा). पत्र लिहिण्याचं कारण एवढंच की बऱ्याच दिवसांत तुझी खुशाली कळली नाही आणि माझी तू विचारली नाहीस. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा रक्तदाब? मी तुमच्याकडून निघाल्यावर तो लगेच उतरला असं कानावर आलं, ऐकून आनंद झाला. एका माणसाच्या जाण्याने घरातलं औषध वाचत असेल तर त्या माणसाचं जाणं सार्थकी लागलं म्हणायचं. कुत्रा मजेत असेलच. त्याच्या गादीची शिवण उसवली तर निःसंकोच कळव, मी येऊन शिवून देईन आणि उभ्या उभ्या परत जाईन. आत बोलावू नकोस, तुम्हा सगळ्यांनाच अवघडल्यासारखं होतं.

माझं विचारशील तर (विचारणार नाहीस, पण पत्रात असं लिहायची पद्धत आहे) उत्तम चाललं आहे. मी बेघर झालो आहे. तसा केव्हाच झालो होतो, पण आता शहराच्या गृहनिर्माण विभागाच्या दप्तरी तसा मानला जाण्याच्या अगदी जवळ येऊन पोचलो आहे. तू नेहमी म्हणायचास की माझ्या हातून आयुष्यात एक गोष्ट धड झाली नाही. ही होऊ घातली आहे. झाली तर मला एक खोली मिळेल आणि नाही झाली तर मिळणार नाही, इतकं सगळं सरळ आहे. बाकी काहीच सरळ नाही, म्हणून पत्र लांबणार. चष्मा लाव आणि बस.

माझी जुनी खोली तुला आठवत नसेल. तू एकदाच आला होतास आणि खालूनच हाक मारून गेलास, कारण जिना अंधारा होता आणि तुझे बूट नवे होते. त्या खोलीत मी संसार केला, तिथेच आमची ही गेली, आणि तिच्यामागे मी तिथेच एकटा माझ्या हाताने बेचव जेवण रांधून खात होतो. ती इमारत गृहनिर्माण विभागाने पाडली. का, तर तिथे गरिबांसाठी परवडणारी घरं बांधायची होती. आत गरीब राहत होते, हीच काय ती अडचण होती. आम्हाला बाहेर काढून चारही बाजूंनी पत्रे ठोकले आणि पत्र्यावर एक प्रचंड चित्र लावलं: आई, बाबा, दोन मुलं आणि एक फुगा. चौघंही दात दाखवून हसताहेत. (आमच्या इमारतीत इतके दात कोणालाच नव्हते.) जुन्या भाडेकरूंचा आधी विचार होईल असं विभागाने सांगितलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, विचार झाला. विचाराअंती असं दिसलं की परवडणाऱ्या घराचं भाडं परवडायला जेवढा पगार लागतो तेवढा माझा नाही. विभागाच्या ऑफिसातल्या, वरच्या मजल्यावरच्या खिडकीतल्या माणसाने मला अत्यंत सभ्यपणे समजावलं की परवडणारी घरं ही ज्यांना घर परवडतं पण महाग घर परवडत नाही अशा लोकांसाठी असतात. ज्यांना काहीच परवडत नाही त्यांच्यासाठी त्याच नव्या इमारतीत मागच्या बाजूला काही खोल्या राखून ठेवल्या आहेत, भाडं पगाराच्या मानाने, पण त्यांची खिडकी तळमजल्यावर आहे, बेघरांची. मी खाली गेलो.

मधल्या काळात मी तुमच्याकडे राहिलो ते तुला ठाऊक आहे. तरी लिहितो, कारण तुझ्या आठवणीतून ते दिवस पार पुसले गेले असावेत असं मानायला जागा आहे. पाहुण्यांच्या खोलीत ते चालायचं यंत्र होतं. त्यावर तुला चालताना मी कधी पाहिलं नाही, टॉवेल वाळताना मात्र रोज पाहिले. यंत्राला मोकळी हवा लागते, त्याच्याजवळ कोणी झोपलं तर ते बिघडतं, हे वहिनींनी सांगितलं आणि मला पटलं. मी हॉलमधल्या सोफ्यावर झोपू लागलो. तो सोफा मीच बांधून दिलेला, तेव्हा स्प्रिंग टोचते म्हणून तक्रार तरी कोणाकडे करणार? पुढे सकाळी हॉलमध्ये वहिनींच्या मैत्रिणी जमायला लागल्या, रोज अर्धा तास लवकर. मग एका रविवारी तू चहा पिता पिता, माझ्याकडे न बघता, खिडकीला सांगितलंस की माणसाने आपल्या पायावर उभं राहायला शिकलं पाहिजे. दादा, मला उभं राहायची अडचण कधीच नव्हती. मला आडवं व्हायला जागा हवी होती. मी त्याच दिवशी निघालो. तू फाटकापर्यंत आलास आणि शेजारी झाडांना पाणी घालत होते म्हणून मोठ्याने म्हणालास, ‘येत जा रे अधूनमधून, हे घर काय परक्याचं आहे का!’ शेजाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असावं. पाइप तर त्यांच्या हातात होताच.

तिथून मी कारखान्यात आलो. कारखाना म्हणजे आमच्या मालकाचं सोफे-खुर्च्या दुरुस्त करायचं दुकान, जिथे मी इतकी वर्षं काथ्या भरतो, पट्ट्या ताणतो, रेक्झिन चढवतो. मालकाने डोळेझाक केली आणि मी दुरुस्तीला आलेल्या सोफ्यांवर झोपायला लागलो. तू कधी अनोळखी लोकांच्या सोफ्यांवर झोपला नसशील म्हणून सांगतो, हे एक वेगळंच जग आहे. कुठल्या घरात कोण कुठल्या कोपऱ्यात बसून रुसतं ते खड्ड्यावरून कळतं. एका वकिलाच्या सोफ्याच्या फटीत मला अर्धं बिस्कीट आणि लग्नाची अंगठी एकत्र सापडली. अंगठी मी त्याला त्याच्या बायकोसमोर परत केली, तर तो खूष व्हायच्या ऐवजी पांढराफटक पडला. (बिस्कीट मी ठेवून घेतलं.) सांगायचा मुद्दा असा की तळमजल्यावरच्या खिडकीत ज्या बाई बसतात (सगळे त्यांना नुसतं ‘बाई’च म्हणतात) त्यांनी मला विचारलं की झोपता कुठे, आणि मी खरं सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. वर छप्पर आहे का? आहे. भिंती? चार. मग तुम्ही बेघर नाही, तुम्ही अपुऱ्या निवाऱ्यात आहात. अपुऱ्या निवाऱ्याची यादी वेगळी असते आणि ती सध्या बंद आहे. बेघरांच्या यादीत यायचं असेल तर विभागाच्या पाहणीवाल्याने तुम्हाला उघड्यावर झोपलेलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं पाहिजे, आणि तेही पुन्हा पुन्हा, म्हणजे तुमची तिथली वहिवाट सिद्ध होते.

आता यातली गंमत बघ. पाहणीवाला हा विभागाचा पगारी माणूस, त्यामुळे तो ऑफिसच्या वेळात येतो. उघड्यावर कोण झोपतं हे बघायला तो भर दुपारी येतो, जेवणाच्या सुट्टीच्या आधी किंवा नंतर. झोपायचं असेल तर तेव्हाच झोपावं लागतं, एरवीची झोप हिशेबात धरत नाहीत. म्हणजे मला बेघर व्हायला कामावरून रजा घ्यावी लागली. मी वाचनालयाबाहेरचा एक बाक निवडला, चादर घेतली आणि टळटळीत उन्हात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, डोळे मिटून पडलो. लाज वाटली, दादा. पहिल्या दिवशी इतकी वाटली की तोंडावरून चादर घेतली, आणि पाहणीवाल्याने चेहरा दिसला नाही म्हणून नोंदच केली नाही. पुढच्या खेपेला चेहरा उघडा ठेवला, पण समोरच्या चहावाल्याच्या स्टुलाची बैठक फाटली होती, ती मला बघवेना. एक टाका घालतो, दुसरा घालतो असं करता करता मी अख्खं स्टूल उलटं करून बसलो आणि तेवढ्यात पाहणीवाला उगवला. त्याने लिहिलं: स्वतंत्र व्यवसाय करताना आढळले. त्याच्या पुढच्या खेपेला मी अगदी कडेकोट तयारीनिशी झोपलो होतो, तर एका निवृत्त शिक्षिकेला माझी दया आली. तिने छत्री धरली, पाणी दिलं, शेवटी हाताला धरून घरी नेऊन गरम सूप पाजलं आणि स्वतःच्या मुलाचा शर्ट घालून पाठवलं. मी तिला किती सांगितलं की अहो, मला इथेच राहू द्या, माझं नुकसान होतंय. तिला वाटलं मी भ्रमात आहे. मी सूप पीत असताना पाहणीवाला येऊन रिकाम्या बाकाची नोंद करून गेला. या शहरात चांगल्या माणसांनी माझे जेवढे हाल केले तेवढे वाइटांना जमले नाहीत.

त्या बाकापलीकडे, भिंतीच्या आडोशाला, एक म्हातारा राहायचा. त्याला सगळे सभापती म्हणत, कारण तो कोणालाही मध्येच बोलू द्यायचा नाही. तो तिथे इतकी वर्षं होता की वाचनालय नंतर बांधलं असावं असं वाटायचं. मला पाहून पहिल्यांदा तो चिडला (हौशी लोक आमच्यात घुसायला लागले, असं त्याचं म्हणणं), पण नंतर त्याने मला सगळं शिकवलं. केस विंचरायचे नाहीत. बूट डोक्याखाली घ्यायचे, म्हणजे ते चोरीलाही जात नाहीत आणि त्यांचं पॉलिशही दिसत नाही. पाहणीवाल्याला आधी नमस्कार करायचा नाही, नाहीतर तो तुम्हाला धडधाकट समजतो. मी त्याला विचारलं की एवढं सगळं येतं, मग तुम्हाला खोली का नाही? तर त्याची जागा दोन वॉर्डांच्या हद्दीवर होती. डोकं एका वॉर्डात आणि पाय दुसऱ्यात. डोक्याच्या वॉर्डाचं म्हणणं, माणूस पायाने येतो, पाय तिकडे आहेत. पायांच्या वॉर्डाचं म्हणणं, माणूस डोक्याने ओळखला जातो. तो एकदा उलटा होऊन झोपला, तर दोन्ही वॉर्डांनी आपापली मतं बदलली. हे तो इतक्या रंगात येऊन सांगायचा की मी पोट धरून हसायचो. मग थंडीत त्याच्या छातीत कफ झाला आणि त्याला इस्पितळात नेलं. तिथे त्याला खाट मिळाली, आणि खाटेवर छप्पर असल्यामुळे विभागाने त्याच्या नावापुढे लिहिलं: निवाऱ्याची सोय झाली. तो बरा होऊन परत आला तेव्हा त्याचं नाव यादीत सगळ्यात खाली गेलं होतं. त्यानंतर तो ही गोष्ट कोणाला सांगेना. कोणी मध्ये बोललं तर बोलू द्यायला लागला. मला त्याचं गप्प बसणं सहन होईना आणि मी काही दिवस बाक सोडून पुन्हा कारखान्यात झोपायला गेलो.

आणि नेमका तेव्हाच घात झाला. कारखान्यात एक लांबलचक सोफा दुरुस्तीला आला होता, पार बसलेला, स्प्रिंगा जमिनीला टेकलेल्या. अशी बैठक मी जन्मात पाहिली नव्हती. एवढं एकाच जागी कोण बसतं, असा विचार करत मी त्यावर झोपलो. सकाळी डोळे उघडले तर समोर पाहणीवाला. सोफा गृहनिर्माण विभागाच्या प्रतीक्षालयातला होता आणि तो काम कुठवर आलं हे बघायला आला होता. मला उघड्यावर शोधायला त्याला महिनोन्‌महिने जमलं नाही, पण सोफ्यावर मी त्याला एका झटक्यात सापडलो. विभागात म्हणे यावर बैठक बसली. मी विभागाच्या मालमत्तेवर राहत होतो, तर हे अतिक्रमण धरायचं की लाभ? अतिक्रमण धरलं तर सोफा बाहेर पाठवला कोणी याची चौकशी करावी लागली असती, म्हणून सर्वानुमते लाभ ठरला. मला कळवण्यात आलं की विभागाने मला तात्पुरता निवारा पुरवलेला असून मी आता लाभार्थी आहे, सबब बेघर नाही. वार्षिक अहवालात घालायला माझा फोटोही मागितला. (हसरा.) मी त्या दिवशी इतक्या मोठ्याने ओरडलो की वरच्या मजल्यावरचे, परवडणारी घरं मागणारे सभ्य लोकसुद्धा जिन्यात येऊन वाकून बघायला लागले. बाईंनी मला बसवलं, पाणी दिलं आणि स्वतः वर जाऊन साहेबांना एकच गोष्ट विचारली: सोफा दुरुस्त होऊन परत आला की नाही? आला होता. मग निवारा काढून घेतलेला आहे, म्हणजे माणूस पुन्हा बेघर. साहेबांनी ‘लाभार्थी’वर काट मारली. बाई अशी कामं करताना अजिबात हसत नाहीत आणि मला वाटतं म्हणूनच त्या अजून तिथे टिकून आहेत.

हे पत्र त्याच सोफ्यावर बसून लिहितो आहे. चांगला झाला आहे. मी त्यात काथ्या नेहमीपेक्षा दाबून भरला, मालकाला न विचारता, कारण इथे बसणाऱ्यांना फार वेळ बसावं लागतं. माझ्या शेजारी एक तरुण बाई मांडीवर मूल घेऊन सकाळपासून बसली आहे आणि ते मूल मी ठोकलेल्या पितळी टोपीच्या खिळ्यांवरून बोट फिरवतं आहे. पाहणीवाल्याने मला त्यानंतर बाकावर पुरेशा वेळा झोपलेलं पाहिलं. फाइल पुढे सरकली. इमारत तयार झाली आहे, आणि तिथल्या पहारेकऱ्याच्या खुर्चीला मी मागे गादी करून दिली होती म्हणून त्याने मला मागची एक खोली हळूच उघडून दाखवली. छोटीशी आहे. एक ओटा, एक नळ, एक खिडकी आणि आतून लागणारी कडी. मी मापाची टेप घेऊनच गेलो होतो. खाट भिंतीला लावली तर पायाशी कामाची पेटी बसते आणि तरी दार पुरतं उघडतं. मी ती कडी लावून पाहिली, काढून पाहिली, पुन्हा लावून पाहिली. शेवटी पहारेकरी बाहेरून विचारायला लागला की आजोबा, बरं आहे ना? दादा, मला ती खोली हवी आहे. इतकी हवी आहे की सांगायची लाज वाटते. आता एक बारीकशी बाब तेवढी अडली आहे, ती झाली की झालं.

वहिनींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद (परदेशातून त्यांचे फोन येत असतील, माझं नाव निघालं तर सांग). गुडघ्याला शेक देत जा. पत्राचं उत्तर कारखान्याच्या पत्त्यावर पाठव, मालक पत्रं फोडत नाही.

तुझा धाकटा

ता. क. : ती बारीकशी बाब सांगायची राहिलीच. खोली द्यायच्या आधी विभाग जवळच्या नातेवाइकांना फोन करतो आणि विचारतो की या माणसाला घरी ठेवून घेणारं कोणी आहे का. तुझा नंबर मीच दिला. मला वाटलं, निदान या एका प्रश्नाचं उत्तर दादा बरोबर देईल. बाईंनी तुला फोन केला, आणि तू म्हणालास, ‘अहो, विचारता काय? माझा पाठचा भाऊ आहे तो! माझं घर ते त्याचं घर, आज येऊ दे, उद्या येऊ दे, दार उघडंच आहे.’ (समोर कोण बसलं होतं, दादा? वहिनींच्या मैत्रिणी?) माझ्या फाइलवर ‘कुटुंबाचा आधार उपलब्ध’ असा शिक्का बसला आहे आणि ती खोली माझ्यामागच्या माणसाकडे निघाली आहे. महिना संपायच्या आत तुझं लेखी आलं तरच थांबेल. साध्या कागदावर लिही की या भावाला मी घरी ठेवू शकत नाही. कारण द्यायची सक्ती नाही. खाली सही. तुला जमणार नसेल तर वहिनींकडून लिहून घे, त्या एका ओळीत लिहितील.

आणखी ता. क. : खातरी करायला बाई पुन्हा फोन करतील. तेव्हा हात जोडून सांगतो, चांगुलपणा दाखवू नकोस. खोलीत कोणी बसलेलं असेल तर बाहेर जाऊन बोल. बुलडोझरने माझी एक खोली घेतली, तुझ्या गोड बोलण्याने दुसरी जायला नको. मी तुझ्याकडे यायचा नाही, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. फक्त विभागाला ठाऊक नाही.

शेवटचं ता. क. : तू फोनवर जे बोललास ते बाईंनी शब्दन्‌शब्द उतरवून घेतलं होतं. शिक्का का बसला हे समजावं म्हणून त्यांनी मला ते वाचून दाखवलं. मी म्हटलं, आजूबाजूला गोंगाट आहे, नीट ऐकू आलं नाही, पुन्हा एकदा वाचा. गोंगाट नव्हता. त्यांनी पुन्हा वाचलं. नकार लवकर पाठव.